कार्डावरचा नंबर आणि घाटातली क्रेन

"मॅडम, मी खंडाळ्यात अडकलोय." रात्री असा फोन आला की आम्ही आधी विचारायचो, कोणता खंडाळा? लोणावळ्याजवळचा, की सातारा जिल्ह्यातला, खंबाटकीच्या पायथ्याचा? समोरचा माणूस चिडायचा. बाहेर पाऊस, मागच्या सीटवर वयस्कर आई, आणि फोनवरची बाई भूगोल विचारत बसलेली. त्याचं चिडणं बरोबरच होतं. पण त्या एका उत्तरावर क्रेन खोपोलीहून निघणार की शिरवळहून, हे ठरायचं, म्हणून विचारल्याशिवाय गत्यंतर नसायचं.

बंद पडलेल्या गाडीला मदत पाठवणाऱ्या, म्हणजे रोडसाइड असिस्टन्सच्या, पुण्यातल्या एका नियंत्रण कक्षात मी बरीच वर्षं काम केलं. आधी फोनवर होते, मग क्रेनवाल्यांचं आणि मेस्त्रींचं जाळं सांभाळायचं काम आलं. आता सातारा जिल्ह्यातल्या एका आरोग्यसंस्थेच्या गाड्या माझ्याकडे आहेत आणि त्यांच्यासाठी ही सेवा कोणाकडून घ्यायची, हे मलाच ठरवावं लागतं. ही सेवा देणाऱ्यांच्या खुर्चीवर बसून झालं, घेणाऱ्यांच्याही. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपण कंपनीचं नाव बघून पैसे भरतो, पण मदतीला येतो तो त्या पट्ट्यातला एक क्रेनवाला. तो कोण आहे, कुठून येतो आणि त्याचे पैसे त्याला वेळेवर मिळतात का, एवढं कळलं की निवड बरीचशी झाली.

हे जाळं कसं चालतं ते बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं. विमा कंपनी आपल्या पॉलिसीला रोडसाइड असिस्टन्सची जोड देते, कार कंपनी नव्या गाडीबरोबर देते, कधी बँकेच्या क्रेडिट कार्डावर मिळते, कधी शोरूमवाला वेगळं कार्ड विकतो. यातल्या बहुतेकांच्या स्वतःच्या क्रेन नसतात. फोन घेण्याचं आणि मदत पाठवण्याचं काम त्यांनी एखाद्या सेवा-एजन्सीला दिलेलं असतं आणि ती एजन्सी पुढे गावोगावच्या क्रेनमालकांशी करार करते. आमच्या भाषेत ते 'व्हेंडर'. मी कोकणपट्टा सांभाळत होते तेव्हा महाडपासून चिपळूणपर्यंत रात्री भरवशानं येतील असे क्रेनवाले बोटांवर मोजण्याइतकेच होते आणि त्यातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये चार-पाच एजन्सींचे नंबर होते. तुमच्या खिशात कुठलंही कार्ड असो, कशेडी घाटात येणारी क्रेन तीच.

मग कंपनी-कंपनीत फरक पडतो तो कुठे? मला तो महाडच्या एका क्रेनमालकानं समजावून सांगितला. त्याच्या अंगणात त्याची फ्लॅटबेड उभी होती. लोक तिला 'झिरो डिग्री' म्हणतात, कारण गाडी पूर्ण आडवी वर चढते आणि चारही चाकं जमिनीपासून सुटतात. तो म्हणाला, "ताई, रात्री दोन केसेस एकदम आल्या तर मी आधी कुणाकडे जाणार? जो महिन्याच्या महिन्याला बिल काढतो त्याच्याकडे. जो तीन-तीन महिने पैसे अडकवतो, त्याला मी सांगतो, गाडी बाहेर आहे." हे ऐकून मला वाईट वाटलं, पण त्याला दोष द्यावासा वाटला नाही. डिझेल त्याला रोख भरावं लागतं, ड्रायव्हर आणि क्लीनरचा पगार महिन्याला द्यावा लागतो, क्रेनच्या कर्जाचा हप्ता थांबत नाही. केस घेऊन वीस-तीस किलोमीटर गेल्यावर ग्राहकाची गाडी आपोआप चालू झालेली असते, मग रिकाम्या फेऱ्याचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर 'व्हेंडर उपलब्ध नाही' अशी ओळ उमटते, तिच्यामागे बऱ्याचदा हे थकलेलं बिल असतं. ग्राहकाला मात्र आम्ही "सर, अजून अर्धा तास" असं सांगत राहायचो.

या साखळीचा आणखी एक त्रास असा की घाटात, रात्री, बाईमाणूस एकटी असताना एखादा क्रेनवाला वरचे पैसे मागतो. सेवा मोफत असते, तरी तो म्हणतो की घाटाचे वेगळे, रात्रीचे वेगळे. अशा तक्रारी मी हाताळल्या आहेत. त्यात दोन तऱ्हा होत्या. काही क्रेनवाले सरळ लुबाडणारे होते आणि त्यांना आम्ही काढून टाकलं. पण काहींच्या बाबतीत एजन्सीनं ठरवलेला दर इतका तोकडा होता की घाट चढून-उतरून डिझेलही सुटत नव्हतं. स्वस्तातलं कार्ड घेणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं. वरच्या पातळीवर वाचवलेला पैसा शेवटी कुणाकडून तरी वसूल होतो आणि तो कुणीतरी म्हणजे बहुधा अंधारात उभा असलेला ग्राहक असतो.

आता अंतराबद्दल, कारण जाहिरातीतला सगळा जोर मिनिटांवर असतो. नकाशावर क्रेन सहा किलोमीटरवर दिसते. पण रस्ता नकाशासारखा दोन्ही बाजूंनी मोकळा नसतो. खंबाटकीचंच बघा. मी काम करत होते तेव्हा पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या घाट चढून जायच्या आणि साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्या बोगद्यातून यायच्या. घाटात गाडी बंद पडली आणि सर्वांत जवळची क्रेन सुरूरला असली, तरी ती घाटात उलटी चढू शकत नव्हती. तिला बोगद्यातून पलीकडे खंडाळ्याला जायचं, तिथे वळायचं आणि पुन्हा घाट चढायचा. म्हणून शिरवळचा क्रेनवाला लांब दिसत असूनही आधी पोचायचा. हे ज्याला माहीत नाही अशा माणसानं दूरच्या शहरातल्या कक्षात बसून संगणकावर जवळची क्रेन निवडली की ग्राहकाचा तास वाया गेलाच.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर हेच गणित आणखी अवघड होतं. द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, समृद्धी ७०१ किलोमीटरचा. दोन्ही रस्त्यांवर ठरलेल्या ठिकाणीच चढता आणि उतरता येतं. मधे कुठेही कठडा ओलांडून वळता येत नाही. त्यामुळे तुम्ही मुंबईच्या दिशेला आहात की पुण्याच्या, नागपूरकडे तोंड आहे की मुंबईकडे, हे किलोमीटरच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं. चुकीच्या बाजूला निघालेली क्रेन तुमच्या समोरून, दुभाजकापलीकडून निघून जाते आणि पुढच्या इंटरचेंजवरून वळून येते. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि नागपूरपासून सलग रस्ता झाला. तिथे ताशी १२० च्या वेगानं, काँक्रीटवर, उन्हाळ्यात, जुन्या टायरनं लोक जातात. टायर फुटल्यावर मदत मागायची वेळ येते तेव्हा सर्वांत जवळचं गाव दिसत असतं, पण तिथून तुमच्यापर्यंत सरळ वाट नसते. या रस्त्यांवर नेहमी जाणाऱ्यानं मदत देणाऱ्याला आधीच विचारावं, तुमचा माणूस कोणत्या इंटरचेंजवरून चढतो?

राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा महामार्ग प्राधिकरणाचा क्रमांक आहे, चोवीस तास चालतो आणि गस्तीची गाडी, क्रेन, रुग्णवाहिका यांची सोय त्यातून होते. मात्र ही क्रेन रस्ता मोकळा करण्यासाठी असते. ती तुमची गाडी सुरक्षित जागी नेऊन ठेवते. तिथून गॅरेजपर्यंत नेण्याचं काम तुमच्या स्वतःच्या सेवेचं. शिवाय द्रुतगती मार्ग आणि समृद्धी राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहेत, तिथली गस्त आणि क्रमांक वेगळे. टोलच्या पावतीवर किंवा रस्त्याकडेच्या फलकावर ते असतात, प्रवासाला निघाल्यावर टिपून ठेवलेले बरे. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून आहे, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारवाल्यानं मदतीची सोय आधीच करून ठेवावी हा विचार आपल्याकडे चांगला जुना आहे. सभासद आणि संस्था यांच्यातलं ते थेट नातं मात्र आजच्या साखळीत विरळ झालं.

अटींविषयी फार लिहीत नाही, पण एक गैरसमज इतक्यांदा ऐकला की तो इथे दूर करायलाच हवा. "माझा फुल इन्शुरन्स आहे" असं लोक ठासून सांगायचे. गाडीच्या विम्याची जुनी छापील अट बघितली तर अपघातानंतर गाडी उचलून नेण्यासाठी खासगी कारला १५०० रुपयांपर्यंत आणि दुचाकीला ३०० रुपयांपर्यंत खर्च मिळतो. तोही अपघात झाला तर. यांत्रिक किंवा विजेच्या यंत्रणेतला बिघाड मूळ पॉलिसीतून सरळ वगळलेला असतो. क्लच प्लेट गेली, बॅटरी उतरली, गाडी तापून थांबली, यांतलं काहीही फुल इन्शुरन्समध्ये येत नाही. त्यासाठीच तर वेगळी जोड घ्यायची. आणि ती वापरली म्हणून तुमचा नो क्लेम बोनस सहसा जात नाही. बोनस जाईल या भीतीनं पदरचे पैसे देऊन टोचन करून घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना कुणी हे सांगितलंच नव्हतं.

कार्ड घेताना विचारायच्या गोष्टींपैकी ज्या कुणी विचारत नाही, पण ज्यांच्यावर रात्री वाद होतात, अशा तीन मला महत्त्वाच्या वाटतात. गाडी नेण्याचं अंतर कुठून मोजतात? काही ठिकाणी गाडी उचलल्यापासून गॅरेजपर्यंत, काही ठिकाणी क्रेन जिथून निघाली तिथपासून, तिच्या परतीसकट. कागदावरचे पन्नास किलोमीटर दुसऱ्या पद्धतीनं मोजले तर प्रत्यक्षात वीससुद्धा उरत नाहीत. दुसरं, गाडी कुठे नेणार? 'नजीकचं अधिकृत वर्कशॉप' असं लिहिलेलं असतं. रविवारी रात्री अकराला ते वर्कशॉप बंद असतं आणि वॉचमन गाडी आत घेत नाही. मग क्रेनवाला म्हणतो, फाटकाबाहेर उतरवतो. ग्राहक म्हणतो, रस्त्यावर नको. दुसऱ्या दिवशी पुन्हा क्रेन मागवली तर ती वेगळी केस धरली जाते आणि वर्षातल्या ठरावीक खेपांमधली एक कमी होते. आम्ही अशा वेळी ओळखीच्या पेट्रोल पंपावर गाडी ठेवायची सोय करायचो, पण ती त्या क्रेनवाल्याच्या ओळखीवर. कुठल्याही अटीत ती लिहिलेली नव्हती. तिसरं, क्रेन कोणत्या प्रकारची येणार? पुढची दोन चाकं उचलून ओढणारी क्रेन बऱ्याच गाड्यांना चालते, पण ऑटोमॅटिक, फोर व्हील ड्राइव्ह आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांना झिरो डिग्रीच लागते. चालकचाकं जमिनीवर ठेवून इलेक्ट्रिक गाडी ओढली तर तिच्या मोटरचं नुकसान होऊ शकतं. तालुक्याच्या गावात झिरो डिग्री एखादीच असते आणि ती लग्नसराईत किंवा गणपतीत आधीच कुठेतरी गेलेली असते.

स्टेपनीचंही सांगायला हवं. २०२० मध्ये नियम बदलला. टायरमधल्या हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि ट्यूबलेस टायर दुरुस्तीचा संच असेल तर लहान प्रवासी गाड्यांना स्टेपनी देण्याची सक्ती राहिली नाही. तो संच खिळ्याच्या भोकाला उपयोगी पडतो. टायरची कड फाटली तर त्याचा काही उपयोग नाही, मग पंक्चरसाठी पाठवलेला मेस्त्री हात हलवत परत जातो आणि दुसऱ्यांदा क्रेन पाठवावी लागते. फोन करतानाच "माझ्या गाडीत स्टेपनी नाही" एवढं सांगितलं तर हा सगळा वेळ वाचतो.

आमच्या संस्थेसाठी निवड करायची वेळ आली तेव्हा मी किमतीचा तक्ता नंतर उघडला. आधी आमच्या गाड्या कुठे जातात ते लिहून काढलं. यवतेश्वर घाटानं कासकडे आणि पुढे बामणोलीला. मेढ्याहून केळघर घाटानं महाबळेश्वरला, तिथून तापोळ्याला आणि कधी तराफ्यावर गाडी चढवून शिवसागराच्या पलीकडच्या गावांत. पाटणहून कोयनानगर आणि कुंभार्ली घाट. महामार्गावर आम्ही फार कमी असतो. नेमके हेच रस्ते मोठ्या कंपन्यांच्या नकाशावर पुसट असतात. एका कंपनीच्या अटीत 'वाहनयोग्य सार्वजनिक रस्ता' असे शब्द होते. तराफ्यापलीकडचा कच्चा रस्ता त्यात बसतो का, असं मी लेखी विचारलं. उत्तर आलं नाही. त्यांचा विचार मी तिथेच सोडून दिला.

मग जुन्या ओळखी कामाला आल्या. कराड, पाटण, मेढा आणि वाईच्या क्रेनवाल्यांना मी फोन केले आणि त्यांनाच विचारलं, दादा, तुम्ही कुणाकुणाच्या केसेस घेता आणि कुणाच्या घ्यायच्या टाळता? माझ्या मते या धंद्यात यापेक्षा खरं प्रमाणपत्र नाही. पाटणच्या एकानं दोन नावं सांगितली, ज्यांचं काम तो रात्रीही घेतो. मेढ्याचे काका म्हणाले की केळघर घाटात पावसाळ्यात धुकं असलं तर कुणाचीच केस ते अंधारात घेणार नाहीत, पहाटे येतील. मला हे उत्तर आवडलं. 'कुठेही, केव्हाही' म्हणणाऱ्या कार्डापेक्षा ते कितीतरी भरवशाचं होतं, कारण त्यावरून मी आमच्या ड्रायव्हरांना सांगू शकले की पावसाळ्यात संध्याकाळनंतर त्या घाटात निघायचंच नाही, मुक्काम करायचा.

एक गोष्ट मात्र तक्त्यात कुणीच धरली नव्हती. आमच्या परिचारिका आणि गावपातळीवर काम करणाऱ्या बायका स्कूटीवर फिरतात. गाडीत चारजण असतात, ड्रायव्हर असतो. स्कूटीवर एकटी बाई, लसींचा डबा पायाशी, आणि घाटात पंक्चर. तिच्या गाडीचा विमा तिनं स्वतः काढलेला, बऱ्याचदा फक्त तिसऱ्या पक्षाच्या जबाबदारीचा, त्यामुळे त्याला ही जोड सहसा मिळत नाही. मदतीची खरी गरज तिला आणि सोय मात्र संचालकांच्या कारला, हे मला पटेना. बैठकीत मी तसं स्पष्ट सांगितलं. दुचाकींसाठी वेगळी वार्षिक सेवा मिळते, तिचा खर्च काही शे रुपयांचा असतो. तो संस्थेनं भरायचा ठराव झाला. दुचाकी उचलायला क्रेन लागत नाही, छोटा टेम्पो पुरतो. म्हणून तिच्यासाठी क्रेनवाल्यांपेक्षा गावोगावचे टेम्पोवाले आणि पंक्चरवाले कोणाच्या यादीत आहेत ते बघितलं. तिथे निवड अगदी वेगळी झाली. कारसाठी ज्या एजन्सीला घेतलं, ती दुचाकीसाठी आमच्या कामाची नव्हती.

शेवटी आम्ही घेतलेली सेवा सर्वांत स्वस्त नाही, आणि तिचं ॲप मला फारसं आवडत नाही. आमच्या रस्त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी रेंजच नसते, तेव्हा ॲपवरून ठिकाण पाठवायची युक्ती तिथे चालत नाही. म्हणून प्रत्येक गाडीत एक कागद चिकटवला आहे. त्यावर सेवेचा क्रमांक, पॉलिसीचा क्रमांक, आपत्कालीन मदतीचा ११२ आणि त्या भागातल्या क्रेनवाल्याचा थेट फोन. खाली सूचना : गाडी कडेला, त्रिकोण मागे लांब, माणसं गाडीतून उतरून कठड्याच्या बाहेर. महामार्गावर बंद पडलेल्या गाडीत बसून राहणं सर्वांत धोक्याचं. क्रेन यायला उशीर झाला तर चालेल, पण मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही उभे आहात हे वेळेत दिसलं पाहिजे. नव्या ड्रायव्हरला मी किल्ली देण्याआधी हा कागद मोठ्यानं वाचायला लावते.

पॉलिसीच्या नूतनीकरणासाठी तुम्हालाही या वर्षी फोन येईल आणि विकणारा माणूस रोडसाइड असिस्टन्सचा रकाना स्वतःच भरून टाकेल. त्याला थांबवा. तुम्ही ज्या रस्त्यानं गावी जाता, त्या रस्त्याचं नाव सांगून विचारा की तिथे रात्री कोण येतं, कुठून येतं आणि कोणती क्रेन आणतं. जमलं तर त्या गावच्या क्रेनवाल्यालाही एक फोन करून बघा. समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पैसे भरू नका. घरात कुणी स्कूटीवर एकटं लांब जात असेल, तर तिच्या गाडीची चौकशी आधी करा, कारची नंतर.